दगडी

समोरच्या चाळीतल्या काकू सकाळी सात वाजता पातेलं घेऊन आमच्या दारात आल्या. झाकण काढून त्यांनी आजीला दाखवलं. रात्रभर ठेवलेलं दूध जरासं आंबूस झालेलं, पण पातळच. तळाशी विरजणाचा गोळा टाकला तसा पडलेला. "दोनदा झालं हो असं. विरजण तर नेहमीचंच आहे." बाबा म्हणाले, गारठा आहे, लागलं नसेल. आजीने बाबांकडे बघितलं आणि काही न बोलता काकूंना दुसऱ्या म्हशीचं लिटरभर दूध घालून दिलं.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. गोरेगाव पूर्वेला, आरेच्या वेशीजवळ आमच्या चौदा म्हशी होत्या. मुंबईत सगळे तबेला म्हणतात, आजी मात्र शेवटपर्यंत गोठाच म्हणत आली. आजोबा जुन्नरकडून आले होते, आरे कॉलनी उभी राहिली त्यानंतर काही वर्षांनी. सरकारने 1949 साली शहरातले तबेले बाहेर हलवायला आरे वसवली. आजोबांना तिथे जागा मिळाली नाही, म्हणून त्यांनी कुंपणाबाहेर दावण टाकली.

काकूंच्या घरी नुकतंच नातवंड आलं होतं. बाळासाठी एकाच म्हशीचं दूध हवं, हा त्यांचा आग्रह, आणि ती म्हैस होती मोरी. त्या आठवड्यात मोरीची कास सुजून तिला दगडी झाली होती आणि इंजेक्शनं चालू होती. गोठ्यांमधून फिरणारा एक कंपाउंडर येऊन टोचून जायचा. औषधाच्या लेबलवर दूध किती दिवस विकायचं नाही ते छापलेलं असतं. आमच्याकडे ते लेबल कुणी वाचलंच नव्हतं. अँटिबायोटिक कासेतून दुधात उतरतं, दूध उकळलं तरी ते पुरतं जात नाही, आणि विरजणातले जंतू त्यात मरतात किंवा निपचित पडतात. म्हणून दही लागत नाही. दही न लागायला इतर कारणंही असतात, पण त्या दिवशी कारण हेच होतं. आजीला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. सुई टोचलेल्या म्हशीचं दही लागत नाही, एवढं तिला ठाऊक होतं, आणि ते दूध एका महिन्याभराच्या बाळाच्या घरी गेलं होतं. ते आम्ही विकलं होतं. वनस्पतींच्या औषधांबद्दल मी जे काही लिहीन, ते या पातेल्यापासून सुरू होतं.

दगडी म्हणजे कासदाह. कासेचा एखादा भाग सुजतो, तापतो, हाताला दगडासारखा लागतो, म्हणून दगडी. कासेचे चार भाग, चार सड, आणि आतून ते एकमेकांपासून वेगळे. त्यामुळे एक सड बिघडला तरी उरलेल्या तिघांचं दूध चांगलं असू शकतं. जंतू बहुतेक वेळा सडाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरतात. धार काढल्यावर ते छिद्र अर्धा-पाऊण तास उघडंच राहतं. तेवढ्यात म्हैस शेणामुतात बसली की झालं. आजी धार संपताक्षणी गव्हाणीत हिरवी वैरण टाकायची, त्याचं कारण हेच, खाण्याच्या नादात जनावर उभं राहतं. तिने हे कारण कधी सांगितलं नाही. "दूध दिलं तिनं, आता तिला खाऊ दे," एवढंच म्हणायची.

आमच्याकडे धारा काढायला जौनपूरचे दोघे भाऊ होते. पहाटे तीनला पहिली धार, दुपारी तीनला दुसरी. दोघेही कष्टाळू आणि जनावरावर जीव लावणारे, पण अंगठा मुडपून सड ओढायची सवय त्यांच्या हातात इतकी मुरली होती की आजीचा रोज वाद. अंगठ्याच्या सांध्याने सडाला आतून इजा होते आणि जंतूंना घर मिळतं. पूर्ण मुठीने धार काढायला वेळ लागतो, बोटं दुखतात. चौदा म्हशी संपवून पाचच्या आत कॅन सायकलवर चढवायचे असतात. दगडीची अर्धी कारणं ही अशी असतात, घाईची.

माझी पहिलीतली पाटी आजीने गोठ्यात नेऊन ठेवली होती. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन धारा ती त्या काळ्या पाटीवर घ्यायची. पांढरे कण, गुठळी, पाणचट पिवळेपणा काळ्यावर लगेच दिसतो. पुढे कॉलेजात शिकले की यासाठी खास काळ्या तळाचं भांडंच मिळतं. न दिसणारा कासदाह ओळखायला कपड्यांच्या पावडरीचं पाणी दुधात मिसळून बघतात. दूध चिकट, शेंबडासारखं झालं तर आत सूज आहे असं समजायचं. वरवर कास ठणठणीत, दूध मात्र रोज थोडं थोडं कमी, हा प्रकार उघड दगडीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

26 जुलै 2005 ला दुपारनंतर आमच्या गोठ्यात पाणी शिरलं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. ओशिवरा नदी आरेतच उगम पावते, ती आमच्या अंगाने वाहते, आणि त्या दिवशी ती कुठून कुठे वाहते आहे हे कळत नव्हतं. दावी सोडून आम्ही म्हशींना चढावर न्यायचा प्रयत्न केला. नऊ वर चढल्या, पाच हलेनात. त्या पाच जणी चौदा तास पोटापर्यंत पाण्यात उभ्या होत्या, आणि ते पाणी म्हणजे गटार, शेण, रॉकेल, सगळं. दोन दिवसांनी त्यांतल्या चौघींच्या कासा सुजल्या. मोरी, चांदी, लक्ष्मी आणि हरणी.

वीज नव्हती, फोन बंद, औषधांच्या दुकानांत पाणी. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं, तर गोरेगावाहून परळला म्हैस कशी नेणार? माणसांना मिळत नव्हत्या त्या गाड्या. आमचे नेहमीचे डॉक्टर दहिसरच्या पुढे राहायचे, तेही अडकले होते.

आजीने गच्चीवरच्या कुंड्यांतली कोरफड कापली. पानाच्या कडांचे काटे सुरीने काढले, पान सालीसकट चिरलं आणि पाट्यावर घेतलं. मिक्सरला वीज नव्हती, म्हणून पाटा. वर हळद घातली. ही हळद लालबागच्या डंखावर समोर उभं राहून कुटून आणलेली, सांगलीकडच्या राजापुरी हळकुंडांची. आजी तयार पूड कधी घ्यायची नाही, भेसळ असते म्हणायची, आणि तिचं खरं होतं. हळदीला उठाव यावा म्हणून शिशाचा रंग घालणारे लोक आहेत. मग तिने कनवटीचं चुनाळं काढलं. आजी पान खायची. बोटाने चुना काढून तिने पाट्यावर टाकला आणि वरवंटा फिरवला.

पिवळा लगदा बघता बघता लाल झाला. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणावर, हळदीला खार लागला की ती लाल होते. आजोबा 1991 साली गेले, तेव्हापासून आजीने कुंकवाला हात लावला नव्हता. वसुबारसेला म्हशींच्या आणि रेडकांच्या कपाळी आई कुंकू लावायची आणि आजी मागे भिंतीला टेकून उभी राहायची. आता तिचे दोन्ही तळवे कुंकवाच्या रंगाने माखले होते. त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. मीही विचारलं नाही. पुढे आठवडाभर तो रंग तिच्या नखांच्या कडांना होता.

प्रत्येक वेळी ती आधी सड रिकामा करायची, मग कास कोमट पाण्याने धुवायची, फडक्याने पुसायची, मग लेप. दोन तासांनी लेप वाळला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. रात्री कंदील घेऊन मी तिच्याबरोबर असायचे. धार काढताना लक्ष्मी लाथ झाडायची. आजी तिच्या मांडीला खांदा लावून बसायची आणि पुटपुटत राहायची, "आलं बाय, आलं, झालं." मोरीच्या दुधातल्या गुठळ्या तिसऱ्या दिवशी कमी झाल्या. चांदी पाचव्या दिवशी मोकळी झाली. लक्ष्मीचा मागचा उजवा सड मात्र आटला तो आटलाच.

हरणी गेली.

तिची कास सकाळी तापलेली होती. दुधाऐवजी फिकट पिवळं पाणी येत होतं. संध्याकाळी तीच कास गार लागायला लागली, कानही गार. वैरण तोंडातून गळत होती. कातडीवर निळसर छटा आली होती. बाबा म्हणाले, मी चालत निघतो, कुठेतरी डॉक्टर मिळेल. आजी म्हणाली, रातभर बघू, लेप धरलाय. पहाटे हरणी आडवी झाली आणि उठली नाही. त्याच दुपारी डॉक्टर पोचले. त्यांनी आजीला दोष दिला नाही. एवढंच सांगितलं की काही जंतूंचं विष रक्तात जातं, मग कासेवर काहीही लावलं तरी उपयोग नसतो. शिरेतून सलाइन, अँटिबायोटिक, सूज उतरवायचं इंजेक्शन, आणि तेही पहिल्या काही तासांत. आजी पायरीवर बसून होती. "गार पडली तेव्हाच उठाया पायजे होतं मी," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने पुन्हा तेच.

त्यानंतर गोठ्यात थर्मामीटर आला. 103 च्या वर ताप किंवा अंग अचानक गार, यातलं काहीही दिसलं की लेप लावत बसायचं नाही, डॉक्टर बोलवायचा, हा नियम आजीनेच केला. घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या जीवघेण्या रोगांच्या लशीसाठी तर ती आधीपासूनच आग्रही होती. पावसाळ्याच्या तोंडावर लस टोचणारे येणार कळलं की पहाटेपासून म्हशी धुऊन उभ्या करायची. त्या रोगांवर कुठला पाला नाही, हे तिला तिच्या माहेरच्या एका वर्षाने शिकवलं होतं. काय घडलं होतं ते तिने कधी सविस्तर सांगितलं नाही.

मी तेव्हा बीएस्सीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं. पुढल्या वर्षी प्रकल्पासाठी दुसरा विषय मला सुचलाच नाही. काचेच्या ताटलीत अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, ओतून त्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस पसरला. दगडी करणाऱ्या जंतूंमधला हा सर्वांत चिवट. तो कासेच्या आत कोपरे धरून बसतो, स्वतःभोवती आवरण करतो, पेशींच्या आतही शिरतो. अर्धवट सोडलेल्या इंजेक्शनांनंतर हाच पुन्हा डोकं वर काढतो. ताटलीत भोकं पाडून एकात हळदीचं पाणी, एकात कोरफडीचा गर, एकात चुन्याची निवळी आणि एकात आजीचा लेप भरला. शेजारी पेनिसिलिनची टिकली ठेवली.

दुसऱ्या दिवशी पेनिसिलिनभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ होतं, म्हणजे तेवढ्या भागात जंतू वाढलेच नव्हते. चुन्याभोवती लहानसं, पण ठळक. लेपाभोवती चुन्याइतकंच. हळदीच्या पाण्याभोवती जवळजवळ काही नाही. मला रडू यायचं बाकी होतं. मग बाईंनी समजावलं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही, ते अगारमध्ये पसरणार कसं? म्हणजे या ताटलीवरून हळद निकामी ठरत नाही. आणि चुन्याच्या निवळीचा सामू (पीएच) बाराच्या वर असतो, त्यात जंतू मरणारच, पण म्हणून तो कासेच्या आत तेच करेल असंही नाही. "लेप कातडीच्या बाहेर आहे, जंतू आत आहे. मधलं अंतर कोण पार करतं, ते सांग," बाई म्हणाल्या.

त्या प्रश्नावर मी बरीच वर्षं घालवली आहेत. आता मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, दुधाचे नमुने रोज बघते, आणि माझं उत्तर काहीसं असं आहे. लेप बाहेरची सूज आणि वेदना उतरवायला मदत करतो, कोरफडीने आणि हळदीने दाह कमी होतो यावर माझा विश्वास आहे. सडाच्या टोकावरचे, कातडीवरचे जंतू तो मारतो, म्हणजे नवे आत जाणं थांबतं. वेदना कमी झाली की म्हैस धार काढू देते, सड पुरता रिकामा होतो, आणि जंतू व त्यांची घाण दुधाबरोबर बाहेर पडते. पुढचं काम म्हशीचं स्वतःचं रक्त करतं. सौम्य दगडीत पुष्कळदा तेवढं पुरतं. हरणीच्या दगडीत पुरलं नाही.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची पुस्तिका हाती आली आणि मी उभ्या उभ्या ती वाचून काढली. मंडळाने बंगळुरूच्या एका विद्यापीठाबरोबर पारंपरिक पशुऔषधींचा प्रसार हाती घेतला आहे. कासदाहाच्या पानावर लिहिलं होतं: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम. एकत्र वाटून लालसर लगदा करा, कास धुऊन दिवसातून दहा वेळा लावा, निदान पाच दिवस. जोडीला रोज दोन लिंबं कापून खायला द्या. आजीने वजन कधी केलं नव्हतं. लिंबाचं तिला माहीत नव्हतं, बाकी पाटा तोच होता. मी तो कागद तिला वाचून दाखवू शकले नाही, ती तोवर नव्हती.

दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. म्हणजे पन्नास वेळा कुणीतरी त्या म्हशीजवळ बसतं, कास हातात घेतं, गरम की गार बघतं, दुधाचा रंग बघतं. इंजेक्शन टोचून कंपाउंडर पाच मिनिटांत निघून जातो आणि संध्याकाळपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. आजीच्या उपचारातला मोठा भाग त्या पन्नास वेळा बसण्यात होता असं मी मानते. आणि म्हणूनच हरणीच्या बाबतीत ती स्वतःला माफ करू शकली नाही. हात तर कासेवरच होता, गारवा तिला कळला होता.

अँटिबायोटिक वाईट, पाला चांगला, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. वाईट आहे ते अर्ध्यावर सोडणं, चुकीचं औषध टोचणं, प्रत्येक सुजेला सुई लावणं आणि ते दूध विकणं. माणसांसाठी राखून ठेवलेली औषधं जनावरांत सरसकट वापरली गेली की ती माणसांतही चालेनाशी होतात. कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर 2019 साली दुभत्या आणि मांसासाठी पाळलेल्या जनावरांसाठी बंदी आली ती याच भीतीने. चारपैकी दोन दगड्या लेपावर आणि धारेवर बऱ्या होत असतील, तर तेवढी इंजेक्शनं वाचतात, तेवढं दूध ओतून द्यावं लागत नाही. मुंबईच्या गोठेवाल्यासाठी हा हिशेब फार खरा आहे. इथे म्हैस व्यायल्यावर विकत आणतात, चारा, पेंड, पाणी, जागा सगळं विकतचं. तिचं पाच दिवसांचं दूध गटारात ओतायचं म्हटलं की मालकाचा हात आखडतो. बाबांचा आखडला होता. त्यांना वाईट माणूस म्हणवत नाही मला, पण ते पातेलं डोळ्यांपुढून जात नाही.

एका गोष्टीला मात्र माझा सरळ विरोध आहे. सड चोंदला की कडुनिंबाच्या पानाचा देठ हळद-लोण्यात बुडवून सडात सरकवायचा, असाही उपाय सांगितला जातो. गोठ्यातल्या हातांनी, गोठ्यातला देठ, थेट त्या छिद्रातून आत! जिथून रोग शिरतो तीच वाट आपण रुंद करायची? ज्याने हे शिकून, स्वच्छ हातांनी केलं असेल त्याने करावं. मी कुणाला सांगणार नाही.

आरेतल्या पाड्यावरचे एक वारली आजोबा आमच्याकडे शेण न्यायला यायचे. म्हशीच्या गुडघ्याला खरचटलं की ते कुंपणाकडेची एकदांडी चुरगाळून त्यावर दाबायचे, रक्त थांबायचं. त्या रोपालाही दगडी पाला म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, नाव एक म्हणजे दगडीवर हाच पाला असणार. मी एकदा गोळा करून आजीला नेऊन दिला. तिने तो नीट धुऊन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी रेडकाच्या जखमेवर वापरला.

गोठा 2012 साली बंद झाला. जागेवर आता इमारत आहे. चुलतभावाने गावाकडे चार म्हशी ठेवल्या आहेत. गेल्या श्रावणात रात्री साडेदहाला त्याचा व्हिडिओ कॉल आला. कास कॅमेऱ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, बघ गं, दगडी वाटतीय." मी विचारलं, ताप किती? 102. कास गरम की गार? गरम. खातेय? खातेय. दुधात काय? गुठळ्या. मी त्याला सांगितलं, सकाळी डॉक्टरांना दाखवायचंच, दुधाचा नमुना काढून ठेव, आणि तोवर कोरफड काप. त्याच्या मुलीने रात्रभर दर दोन तासांनी लेप लावला. डॉक्टरांनी बघून ठेवलं, दोन दिवस थांबू म्हणाले, ताप चढला तर लगेच कळवा. ताप चढला नाही. सहाव्या दिवशी दूध साफ आलं, पण डावीकडच्या मागच्या सडाची धार पूर्वीसारखी झाली नाही. ती म्हैस आता तीन सडांवर सहा लिटर देते, आणि तिचं विरजण लागतं का, हे वहिनी दर आठवड्याला मला कळवते.